पश्चात्ताप म्हणजे माघारी फिरणं : ऐरोलीच्या एका बंधूला उत्तर

ऐरोलीत राहणाऱ्या, महापेच्या एका कारखान्यात पाळीची नोकरी करणाऱ्या ४३ वर्षांच्या एका बंधूंचं पत्र आलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : "पाळकसाहेब, मी अठरा वर्षं गायनमंडळात गातोय. एकही रविवार चुकवत नाही. पण गेली काही वर्षं उपासनेत बसलो की आतून कोरडं वाटतं. तोंड गातं, मन भलतीकडेच असतं. संजीवन सभेला (आत्मिक जागृतीच्या सभेला) गेलो की रडू येतं, पुढे जाऊन गुडघे टेकतो, आणि बुधवार उजाडेपर्यंत पुन्हा पहिल्यासारखा होतो. पुन्हा पुन्हा पश्चात्ताप करायचा तरी किती वेळा? कॅथलिक लोक फादरकडे जाऊन पापं सांगतात, आपल्यात तसं नाही, मग सांगायचं कुणाला? लेंतचे (ईस्टरआधीच्या उपवासाचे) दिवस जवळ आलेत. यंदा तरी काहीतरी खरं व्हावं असं वाटतं." आणि पत्राच्या शेवटी, सही करण्याआधी : "गावाकडच्यांशी सहा वर्षं बोलणं नाही. बाबांच्या दवाखान्याच्या खर्चावरून बिनसलं. माझ्या भावाने चारचौघांत अपमान केला. माझ्याकडूनही थोडं देणं राहिलं असेल, पण तो विषय वेगळा आहे."

प्रभूमध्ये प्रिय बंधू, जय ख्रिस्त.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना शेवटापासून सुरुवात केली, कारण अठ्ठावीस वर्षांच्या सेवेत एवढं कळलंय की माणूस ज्या गोष्टीसाठी आलेला असतो ती तो बहुतेक वेळा चप्पल घालता घालता सांगतो. तिथे येईनच. पण आधी एक बाजूला काढून ठेवायला हवं.

आतला प्रत्येक कोरडेपणा पापामुळे येत नाही. कोपरखैरण्याच्या एका ताई नवरा गेल्यावर दीड वर्ष उपासनेत एक ओळही गाऊ शकल्या नव्हत्या. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, विश्वास कमी पडतोय, पश्चात्ताप करा. त्या माझ्याकडे पापांची यादी लिहून घेऊन आल्या. मी ती यादी न वाचता परत दिली आणि त्यांच्यासमोर अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र उघडलं. त्या स्तोत्राचा शेवट अंधारातच होतो, पुढे उजेडाची एक ओळसुद्धा येत नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, देवाला उद्देशून म्हटलेली प्रार्थना म्हणून आहे. त्यांना म्हटलं, ताई, तुम्ही फक्त येऊन बसा, तुमच्या वाट्याचं आम्ही गाऊ. दुःखाला पाप म्हणणं हा अन्याय आहे, आणि आमच्यासारख्या पाळकांकडून तो वारंवार होतो. तुम्हीही आधी हे तपासा. रात्रपाळी संपवून थेट साडेआठच्या उपासनेला येत असाल आणि संदेशाच्या वेळी डोळे मिटत असतील, तर तो शरीराचा थकवा आहे. झोप घ्या. महिनोन्‌महिने कशातच मन लागत नसेल, जेवण-झोप बिघडली असेल, तर डॉक्टरांना दाखवा. त्यात विश्वासाची काही कमतरता नाही.

पण तुमच्या बाबतीत मला तसं वाटत नाही. सभेत तुम्हाला रडू येतं, म्हणजे आतला झरा आटलेला नाही. तो कुठेतरी अडलाय.

आपल्या भाषेतल्या शब्दाचाच विचार करा. पश्चात्ताप. पश्चात् म्हणजे नंतर, ताप म्हणजे जळणं. नंतर होणारी जळजळ. शब्द सुंदर आहे, संतांचा 'अनुताप'ही याच घरातला. पण या शब्दामुळे आपल्या लोकांचा एक समज होऊन बसलाय, की जळजळ झाली म्हणजे काम झालं. रडलो, छाती भरून आली, पश्चात्ताप झाला. जुन्या करारातल्या संदेष्ट्यांचा हिब्रू शब्द निराळा आहे. 'शूब', म्हणजे फिरणं, माघारी वळणं. रानात वाट चुकलेल्या माणसाने जिथून चुकलो त्या फाट्यापर्यंत परत चालत यायचं. ग्रीकमधला 'मेतानोइया' म्हणजे मन बदलणं. दोन्हींत ताप असू शकतो, पण तापावर काम थांबत नाही. ज्याला वाट चुकल्याचं नुसतंच वाईट वाटतं आणि जो तिथेच बसून राहतो, तो घरी पोचत नाही.

तुम्ही सभेत जळलात. फिरला नाहीत. कारण फिरायचं कुठे, हे तुम्ही 'वेगळा विषय' म्हणून बाजूला ठेवलंय.

तुम्ही काय लिहिलंय ते पुन्हा बघा. पहिल्या वाक्यात 'गावाकडचे' आहेत. कोण गावाकडचे, चुलते, भाऊबंद, मला कळेना. तिसऱ्या वाक्यात कळलं की तो सख्खा भाऊ आहे, आणि तेसुद्धा त्याने तुमचा अपमान केला हे सांगताना. लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात दोन मुलांच्या दृष्टांतात, पैसा उधळून परतलेल्या धाकट्यासाठी घरी मेजवानी चाललेली असताना, थोरला मुलगा शेतातून येतो, वाजंत्रीचा आवाज ऐकतो आणि घराबाहेरच उभा राहतो. बापाला तो काय म्हणतो? 'हा तुमचा मुलगा' असं म्हणतो. 'माझा भाऊ' हा शब्द त्याच्या तोंडून निघत नाही. आणि बाप बोलताना हळूच तो शब्द त्याच्या हातात परत ठेवतो : 'हा तुझा भाऊ'. थोरला मुलगा कुठे भटकला नव्हता, पैसा उधळला नव्हता, रोज बापाच्या घरी राबत होता. तुमच्यासारखाच, एकही रविवार न चुकवणारा. तरी आत गाणं चाललेलं असताना तो उंबऱ्याबाहेर आहे. कोरडेपणाचं याहून नेमकं चित्र मला माहीत नाही : गाणं ऐकू येतंय, आणि पाय आत जात नाहीत.

इथे मला माझी स्वतःची एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिच्याशिवाय पुढचं बोलण्याचा मला हक्क नाही.

मी ठाण्यातल्या एका मंडळीत होतो तेव्हाची. एका रविवारी उपासना संपल्यावर व्हेस्ट्रीत, म्हणजे पाळकाच्या खोलीत, अर्पण मोजत होतो. एका कुटुंबाने उपकारस्तुतीचं पाकीट दिलं होतं, पंधराशे रुपयांचं, ते सापडेना. कमिटीचे दोघेजण होते, खजिनदार होते, आणि दाराशी आमचे शिपाईकाका उभे होते, साठीच्या घरातले. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "काका, मधल्या वेळात या खोलीत तुमच्याशिवाय कुणी आलं नव्हतं." एवढंच. चोर हा शब्द मी उच्चारला नाही, पण सगळ्यांनी ऐकला. काका काही बोलले नाहीत, किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवून बाहेर गेले.

तीन आठवड्यांनी, मंगळवारी रात्री, माझ्या बायबलच्या चेनच्या कव्हरच्या मागच्या कप्प्यात ते पाकीट मिळालं. त्या कुटुंबाने ते फाटकापाशीच माझ्या हातात दिलं होतं आणि मीच ते तिथे सारलं होतं. पाकिटावर माझ्याच अक्षरात तारीख होती. मी पैसे निमूट अर्पणात भरले. काकांना सांगितलं नाही. उद्या सांगू, वेळ बघून सांगू, असं करत दोन रविवार गेले. त्या दोन्ही रविवारी मी प्रार्थना चालवली, संदेश दिला, आशीर्वादाला हात वर केले. काय संदेश दिला ते आज आठवत नाही. काका खुर्च्या लावताना माझ्याकडे बघत नव्हते, ते आठवतं. आणि प्रार्थनेला उभा राहिलो की शब्द घशातून बाहेर पडत, पण ते वर कुठे जातच नाहीत असं वाटायचं, तेही आठवतं. बत्तिसाव्या स्तोत्रात दावीद राजा म्हणतो, मी गप्प राहिलो तेव्हा माझी हाडं जीर्ण झाली. ती ओळ मी कितीदा शिकवली असेल. त्या पंधरवड्यात ती माझ्या हाडांत शिरली.

शेवटी कळव्याला त्यांच्या चाळीत गेलो. पाकीट दाखवलं, माफी मागितली. काकांनी चहा केला, कप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "पाळकसाहेब, बोललात चारचौघांत, आणि माफी मागताय एकट्यात."

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं. पापांगीकाराच्या आधी मी वेदीसमोर उभा राहून मंडळीला सगळं सांगितलं, पाकीट कुठे मिळालं तेही, आणि दोन रविवार गप्प राहिलो तेही. काका शेवटच्या बाकाशी उभे होते. ते पुढे आले नाहीत, कुणी गळ्यात पडलं नाही. भाकर घेण्याच्या रांगेत ते आले, हात पुढे केले, मी त्यांच्या तळहातावर भाकर ठेवली. त्या दिवशीचं शेवटचं गीत मी गायलो. दीड महिन्यांत पहिल्यांदा.

बंधू, मला तुम्हाला सांगायचंय ते एवढंच आहे. उपासना कोरडी पडते तेव्हा आपण ती जिवंत करण्यासाठी आणखी उपासनेकडे धावतो. मोठी सभा, चांगला वक्ता, नवी गाणी, रात्रभराची प्रार्थना. पण कित्येकदा वाट चर्चच्या दाराने बाहेर पडून कळव्याच्या चाळीत जाते, आणि तिथून परत वेदीकडे येते. प्रभूने डोंगरावरच्या प्रवचनात हाच क्रम सांगितलाय. अर्पण वेदीपाशी आणलंस आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे तिथे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, भावाशी समेट कर, मग येऊन अर्पण वाहा. नीट वाचा. 'तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर' असं तिथे नाही. त्याच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर. आणि हे आठवतं कुठे? वेदीपाशीच. म्हणून तर तुम्हाला उपासनेत बसवत नाही. बाकीचा आठवडा कंपनी, लोकल, घराचा हप्ता, मुलीची परीक्षा, यांच्या गडबडीत ते आठवत नाही. रविवारी शांतता मिळाली की आठवण वर येते, आणि तुम्ही तिला कोरडेपणा म्हणता. मला तर वाटतं, प्रभू तुम्हाला सोडून गेलेला नाही याचीच ही खूण आहे.

आता 'थोडं देणं राहिलं असेल' या शब्दांबद्दल. किती राहिलंय? कागद घ्या, पेन घ्या, आणि लिहा. 'असेल' नको, आकडा हवा. एक्कावन्नावं स्तोत्र हे दाविदाचं पापांगीकाराचं स्तोत्र, पण त्याआधी शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात नाथान संदेष्ट्याला त्याच्याकडे जावं लागलं. दाविदाने बथशेबेला आणलं होतं, तिच्या नवऱ्याला, उरीयाला लढाईत मारवलं होतं, आणि राज्यकारभार सुरळीत चालू होता. नाथानाने गरिबाच्या एकुलत्या एका कोकरीची गोष्ट सांगितली. ती ऐकून दावीद संतापला आणि निकाल देऊन बसला, की त्या माणसाने कोकरीची चौपट भरपाई द्यावी. मग नाथान म्हणाला, तो मनुष्य तूच. मोघम पाप प्रत्येकजण कबूल करतो. 'प्रभू, आम्ही पापी आहोत' म्हणायला कुणाला जड जात नाही, मीही रोज म्हणतो. जड जातं ते, समजा, 'एकसष्ट हजार' म्हणायला, 'मंगळवारी रात्री' म्हणायला, 'काकांना' म्हणायला.

तो चौपट शब्द लक्षात ठेवा, कारण तो पुढे लूकच्या शुभवर्तमानात जक्कय नावाच्या जकातदाराच्या तोंडी येतो. मोशेच्या नियमशास्त्रात चोरून कापलेल्या किंवा विकलेल्या मेंढरामागे चार मेंढरं द्यायची होती. पण जो स्वतःहून कबूल करेल त्याच्यासाठी गणनेच्या पाचव्या अध्यायात वेगळा नियम आहे : मुद्दल पूर्ण द्यावं आणि वर पाचवा हिस्सा घालावा. म्हणजे चाळीस हजार देणं असेल तर अठ्ठेचाळीस हजार. जक्कयाला या सवलतीत राहता आलं असतं. त्याने स्वतःला चोराचा दर लावला, आणि वर अर्धी मालमत्ता गरिबांना दिली. त्याच्यावर जबरदस्ती कुणी केली होती? कुणीच नाही. येशू त्याच्या घरी आधीच पाहुणा म्हणून आला होता. आधी जेवण, मग हिशेब. हा क्रम उलटा करू नका. भावाचे पैसे दिले म्हणून देव तुम्हाला क्षमा करेल, असं मी मुळीच सांगत नाही. क्षमा वधस्तंभावर झालेली आहे. ज्याला ती मिळाल्याचं कळतं त्याची मूठ आपोआप सुटते, इतकंच.

आपण मराठीत प्रभूची प्रार्थना कशी म्हणतो? "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड." ऋण. तुम्ही हा शब्द दर रविवारी, घरच्या प्रार्थनेत रोज, म्हणत आलात, आणि सहा वर्षं एक खरंखुरं, रुपयांतलं ऋण उशाखाली ठेवून झोपलात. शब्द सोपा आहे म्हणून तो ऐकू येईनासा झालाय.

पैसे परत करणं म्हणजेच पश्चात्ताप असाही समज करून घेऊ नका. प्रभूला धरून देणाऱ्या यहूदा इस्कर्योताने त्याबद्दल मिळालेले तीस रुपये परत केले होते. इतकंच नव्हे, 'मी निर्दोष रक्ताचा विश्वासघात करून पाप केलं' असं तोंडाने कबूलही केलं. कुणाकडे? मुख्य याजकांकडे. आणि त्यांनी सांगितलं, आम्हाला त्याचं काय, तुझं तू बघ. त्या दारातून तो अंधारात गेला. पेत्र या शिष्यानेही त्याच रात्री प्रभूला तीनदा नाकारलं होतं, तोही बाहेर जाऊन मोठ्या दुःखाने रडला होता. दोघांचं जळणं मला सारखंच दिसतं. फरक पुढे आहे. पेत्र तिबिर्याच्या समुद्रकाठी पाण्यात उडी टाकून प्रभूकडे आला. योहान आपल्या शुभवर्तमानात कोळशांच्या विस्तवाचा उल्लेख दोनदा करतो. एकदा मुख्य याजकाच्या वाड्यातला, जिथे शेकत असताना पेत्राने नाकारलं, आणि एकदा या किनाऱ्यावरचा, जिथे प्रभूने मासळी भाजून ठेवली होती आणि तीनदा विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस काय? जिथे वाट चुकली तसल्याच विस्तवापाशी आणून प्रभूने त्याला पुन्हा उभं केलं. म्हणून गावी जाण्याआधी गुडघ्यांवर जा. नाहीतर भावाने 'तुझं तू बघ' म्हटलं तर तुम्ही मोडून परताल.

सभेतल्या रडण्याला मी खोटं म्हणत नाहीये, तसं वाटून घेऊ नका. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात १९०५ साली संजीवन आलं, त्याच्या गोष्टी आपल्या घराघरांत सांगतात. मुली रडल्या, आपली पापं बोलून दाखवली, सगळं खरं. पण त्याआधी कित्येक महिने तिथे रोज प्रार्थना चालली होती, आणि त्याच मुली पुढे प्रार्थना करत आसपासच्या गावांत शुभवर्तमान सांगायला गेल्या. आपण मधला एक प्रसंग उचलतो आणि त्याच्या मागचं-पुढचं सोडून देतो. तुमचे अश्रू खरे होते. ते कुठे घेऊन जायचे हे कुणी सांगितलं नाही, आणि ती चूक सभा घेणाऱ्या आम्हा लोकांची.

पुन्हा पुन्हा किती वेळा, हे तुम्ही विचारलंत. १५१७ साली धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने जे पंच्याण्णव मुद्दे मांडले त्यातला पहिलाच मुद्दा हा आहे की विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्य पश्चात्तापाचं असावं. मला मात्र योहानाच्या तेराव्या अध्यायातलं प्रभूचं वाक्य जास्त जवळचं वाटतं. प्रभू शिष्यांचे पाय धुतो तेव्हा पेत्र म्हणतो, माझे हात, डोकं, सगळंच धुवा. प्रभू म्हणतो, ज्याची अंघोळ झालीय त्याला पाय तेवढे धुवायला लागतात. बाप्तिस्मा पुन्हा नको, दर सभेत नव्याने तारण नको. पण दिवसभर रस्त्याने चालणाऱ्याचे पाय मळणारच. पावसाळ्यात महापेच्या रस्त्यावरून घरी येता तेव्हा पाय न धुता अंथरुणात शिरता का? तसंच रात्री दहा मिनिटं. आज कुणाशी खोटं बोललो, कुणाला तोडून बोललो, जे करायला हवं होतं त्यातलं काय टाळलं, हे नावानिशी. यादी लांबवू नका, एखाददुसरी गोष्टच पुरे. आणि ज्याचं दुसऱ्या दिवशी काही करता येण्यासारखं आहे ते करा. सुपरवायझरवर ढकललेली चूक सकाळी पाळी सुरू होताच आपली म्हणून सांगा. एक्कावन्नाव्या स्तोत्रात 'शुद्ध हृदय उत्पन्न कर' अशी विनवणी आहे. तिथला 'उत्पन्न कर' हा हिब्रू शब्द उत्पत्तीच्या पहिल्याच वचनात आहे, देवाने आकाश आणि पृथ्वी उत्पन्न केली तिथला. म्हणजे हृदय घासून-पुसून स्वच्छ करायचं काम तुमचं नाही, ते नव्याने घडवणारा तो आहे. तुम्ही पाय पुढे करायचे.

सांगायचं कुणाला? ठाण्यात मासुंदा तलावाजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमध्ये आपले ईस्ट इंडियन (इथले मूळचे कॅथलिक) शेजारी पिढ्यान्‌पिढ्या पापनिवेदनाला जात आलेत. त्यांचा तो संस्कार आहे, आपल्या परंपरेत तो तसा नाही. पण म्हणून आपल्यात कुणाला काही सांगायचंच नाही, हे कुठून आलं? याकोबाचं पत्र स्पष्ट म्हणतं, आपली पापं एकमेकांजवळ कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा. आपण हे वचन वाचतो आणि पान उलटतो. एक माणूस निवडा. पाळकच हवा असं नाही. वयाने मोठा, पोटात गोष्ट ठेवणारा, स्वतः कधीतरी मोडून उभा राहिलेला. प्रार्थनेच्या ग्रुपवर मात्र लिहू नका. तिथे 'प्रार्थनेसाठी' म्हणून टाकलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत नेरूळपर्यंत पोचते. माझ्यापाशी कुणी काही सांगितलं तर ते माझ्याबरोबर मातीत जाईल. अपवाद एकच, एखाद्या लेकराच्या जिवाला किंवा देहाला धोका असेल तर मी गप्प बसणार नाही, आणि हे मी आधीच सांगतो.

आणखी एक, तुमच्या बाबतीत लागू नाही, पण हे वाचणाऱ्या कुणा बहिणीसाठी. मारहाण करणाऱ्या नवऱ्याने रडून माफी मागितली म्हणून लगेच त्या घरात परत जायला पवित्र शास्त्र तुम्हाला बांधत नाही. फिरल्याची खूण पावलांत दिसते, आणि पावलं दिसायला वेळ लागतो.

उपासनेबद्दल. आमच्याकडे पापांगीकाराच्या वेळी 'शांतपणे आपापली पापं प्रभूपुढे आणू या' म्हणायचो आणि श्वास घेतो न घेतो तोच पेटी सुरू व्हायची. आता मी पूर्ण एक मिनिट थांबतो, घड्याळ लावून. पहिल्या रविवारी लोक चुळबुळले. पंख्याचा आवाज, कुणाची तरी बांगडी, दूरवर स्टेशनात शिरणारी लोकल. चौथ्या-पाचव्या रविवारी एका आजोबांचा हुंदका आला आणि कुणी वळून बघितलं नाही. ते मिनिट आता आमच्या उपासनेचं काळीज झालंय. तुमच्या पाळकांना विनंती करून बघा. नाही जमलं तर तुम्ही पंधरा मिनिटं आधी जाऊन बसा, मोबाइल बायकोच्या पर्समध्ये टाकून.

गायनमंडळ मात्र या लेंतमध्ये सोडा. कायमचं सोडू नका. आमोसाच्या पाचव्या अध्यायात देव म्हणतो, तुमच्या गाण्यांचा गोंगाट माझ्यापासून दूर करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. गाणं हे तुमचं अर्पण आहे. ते वेदीपाशी ठेवून जायचंय. बायको आणि मुलीच्या शेजारी बाकावर बसा, त्या गातात ते ऐका. कुणी विचारलं तर सांगा, एक काम राहिलंय, ते करून येतो. उपवास करायचाच असेल तर मटण-मासळी सोडा, हरकत नाही, पण त्यातून वाचलेले पैसे त्या कागदावरच्या आकड्यात घाला. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात देवाला आवडणारा उपास काय असतो ते सांगितलंय, आणि त्यात आपल्या रक्तामांसाच्या माणसापासून तोंड लपवू नये हेही आहे.

आता जायचं कसं. फोनवर नको, मेसेज तर नकोच. तुमचा निळा टिक बघून तो काय समजेल ते तुमच्या हातात राहत नाही. स्वतः जा, एकटे जा, मुलीला सोबत नेऊ नका, तिच्यासमोर भावाला नकार देणं अवघड होईल आणि ते त्याच्यावर दडपण ठरेल. तुमचं गाव नगरच्या बाजूचं असेल तर माळशेजच्या एसटीने सकाळी निघालात की दुपारपर्यंत पोचाल. जेवणाच्या वेळी पोचू नका, त्यांना ताट वाढावं की नाही असा पेच पडेल. मुद्दल आणि पाचवा हिस्सा पाकिटात न्या. एकदम जमत नसेल तर जमतील तेवढे न्या आणि बाकीचे कधी देणार ते तारखेसह कागदावर लिहून द्या. त्याने केलेल्या अपमानाचा विषय काढू नका. तो त्याचा हिशेब आहे, तो तो आणि प्रभू बघतील. 'मी चुकलो, पण तूही' या वाक्यातला 'पण' आधीचं सगळं पुसून टाकतो. 'दादा, बाबांच्या दवाखान्याचे इतके माझ्याकडे राहिले होते, मी सहा वर्षं दिले नाहीत, माझं चुकलं.' तो धाकटा असेल तर नावाने हाक मारा, लहानपणी मारायचात तीच. पुढचं त्याच्यावर सोडा. शेताच्या वाटणीचा काही वाद असेल तर तो या भेटीत आणू नका. हक्क सोडा असंही मी म्हणत नाही, तो वेगळ्या दिवशी, शांतपणे, चार जाणत्यांसमोर.

दार उघडलंच नाही, किंवा उघडून बंद केलं, तर वहिनींच्या हाती पाकीट द्या, उंबऱ्यावरूनच नमस्कार करा आणि फिरा. परतीच्या गाडीत वाटेल, व्यर्थ गेलो. त्या वेळी स्तोत्र एक्कावन्न काढून वाचा, खिडकीशी बसून, ओठ हलवत. जो भाग तुमचा होता तो झालेला असेल.

मग त्या रविवारी गायनमंडळात तुमच्या जागेवर उभे राहा, आणि मला एक ओळ कळवा.